एरंडेलाची बाटली आणि गुरुजींचे ब्रेक

वरवट बकाल सोडलं त्या दिवशी बाबांनी एस.टी.च्या खिडकीतून एरंडेलाची बाटली माझ्या हातात दिली. बैलगाडीच्या आसाचं वंगण ते त्याचंच करायचे. म्हणाले, "घाटावर चालली तू. कुठं काही कुरकुरलं तं आधी वंगण घालजो, मंग रडजो." आपल्या घाटाखालच्यांना घाटावरचं बुलढाणा म्हणजे परमुलूखच, जे गेले त्यांना ठाऊक आहे.

ह्यांना तिथं नजीरभाईंच्या गॅरेजात पंक्चरचं काम मिळालं, मागची खोली राहायला मिळाली. पन्नाशीतली मी आधी चहा द्यायची, मग नट खोलायचे पाने हातात द्यायला लागले, मग गाडीखालीच शिरले. शेजारीण विचारायची, "काऊन वो, पोया कोण लाटते मंग?" मी म्हणायची, "तुह्या भाऊजीले शिकवून राह्यली." नजीरभाईंचा नियम एकच होता. "भाभी, खोलायचं ते विचारून, बसवायचं ते दाखवून."

एका शुक्रवारी नजीरभाई जुम्म्याच्या नमाजला गेलेले, हे टायर आणायला गेलेले. तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी जुनी पांढरी कार घेऊन आले. ब्रेक दाबला की मागची चाकं किंचाळत होती. त्यांना घाट उतरून मलकापूर स्टेशनवरून लेकीला आणायचं होतं, तिला सातवा महिना होता. म्हणाले, "भाईची वाट पाहाले टाइम नाही, काकू. तुमीच पाहा."

तुम्हीच पाहा! असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मी चाकं काढली, ड्रम उघडले, धूळ पुसली. आत लायनर असतो, म्हणजे जी पट्टी घासली की चाक थांबतं ती. तिच्यावर मी बोटानं ग्रीस फिरवलं, भाकरीला तूप लावावं तसं. आवाज गेला. गुरुजी खूश होऊन निघाले.

नजीरभाई आले. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"वंगण? लायनरले?" ते म्हणाले. मग एकदम मोटारसायकलकडे धावले. "बसा भाभी. घाटात थांबाचीच नाही ती गाडी."

निघता निघता नजीरभाईंनी फोन लावला, गुरुजी उचलत नव्हते. परक्या माणसामागे मी जन्मात बसले नव्हते. त्या दिवशी नजीरभाईंचा सदरा मुठीत धरून बसले. रस्त्यात कुठं लोक जमलेले दिसले की तिथं ती पांढरी कार पडलेली असेल या भीतीनं माझे डोळे आपोआप मिटायचे.

घाटाच्या तोंडाशी देवीचं ठाणं आहे, उतरणारा प्रत्येक जण तिथं हात जोडून पुढे जातो. गुरुजी हात जोडून गाडीत बसतच होते. नजीरभाईंनी मोटारसायकल आडवी घातली. मग माझ्याकडे वळले, "सांगा भाभी."

मीच सांगितलं. गुरुजी परत खाली उतरले. "काकू, परत येतानी माही लेक असती ना गाडीत." एवढंच म्हणाले. थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

नजीरभाई मागं जाऊन दुकानातून नवे लायनर अन् पाने घेऊन आले. तिथंच ठाण्यासमोर ड्रम मी पुसून पुसून कोरडे केले, लायनर बसवले, एकेक स्प्रिंग त्यांना दाखवून.

"बसवले तं काकूनंच," गुरुजी म्हणाले. "भरवसा कसा धरू?"

"भाभी बाजूले बसून येतात ना तुमच्या. याच्यापेक्षा मोठी गॅरंटी माह्या दुकानात नाही."

कुणी मला विचारलं नाही, मी बसले. पहिलं वळण आलं. गुरुजींनी पाय दाबला. कुर्रर्र! गाडी जागच्या जागी थांबली. बायांनो, त्या कुरकुरीसारखा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

एरवी घाट उतरताना खाली आपलं सपाट रान दिसलं की माझी मान खिडकीबाहेर जायची. त्या दिवशी नजर गुरुजींच्या पायावरून हलली नाही. पायथ्याशी आल्यावर ते जरा निवळले. "काकू, तुमचं गाव इकडचंच ना? आल्याच आहा तं माहेरी जाऊन या."

"नाही गुरुजी. लेकीले घेऊ अन् मले वरच सोडा. दुकानात माहं काम उघडं पडलं आहे."

बाबांची बाटली अजून फळीवर आहे. मागच्या खोलीचं दार कुरकुरलं की बिजागरीला दोन थेंब घालते. तेवढ्यालाच.