चौथं पेव

पीएच.डी. झाल्यावर मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात उलट्या प्रश्नांवर काम करत राहिले. उलटे प्रश्न म्हणजे बाहेरून मोजून आत काय आहे ते ओळखायचं. कडेकडेनं वीज सोडायची, कडेलाच व्होल्टेज मोजायचं आणि आत पोकळी कुठं, केवढी ते सांगायचं. चार पेपर छापून आले. पाचवा दोनदा परत आला. परीक्षकानं लिहिलं होतं, सिद्धता बरोबर आहे, पण मोजमापात जराशी चूक झाली तरी उत्तर भलतंच येईल. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

त्या दिवाळीत सांगलीला घरी गेले. हरिपूरला आमची थोडी मोकळी जागा आहे. आजोबा हळदीचे व्यापारी. हळद साठवायला जमिनीखाली खणलेली त्यांची पेवं तिथं होती. महापुराचं पाणी शिरल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. भावाला तिथं शेड बांधायची होती. तीन पेवं सापडली, ती त्यानं बुजवून घेतली. वडील म्हणत, चार होती. चौथं कुठं, ते त्यांना आठवेना.

"तू इतकी वर्षं हेच करतेस ना?" भाऊ म्हणाला. "मग सांग की कुठं आहे ते."

तो चेष्टेनं म्हणाला होता. मी मात्र साताऱ्याला जाऊन भूगर्भशास्त्राच्या सहकाऱ्याकडून जमिनीत वीज सोडून मोजायचं यंत्र मागून आणलं. दोन दिवस आम्ही बहीणभाऊ लोखंडी सळया ठोकत, वायरी जोडत आकडे घेत होतो. लॅपटॉपवर उत्तर आलं: एक वाकडीतिकडी पोकळी, थेट रस्त्याखालपर्यंत गेलेली. भाऊ हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

वडिलांनी पूर्वी पेवात उतरून काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"आवं ताई, असलं पेव असतंय व्हय? पेव म्हंजे रांजण. तोंड बारीक, एक माणूस जाईल एवढं. खाली प्वाट मोठं."

"सगळी पेवं अशीच?"

"खणणारी माणसं तीच. मग येगळी कशी हुतील?"

त्यांनी काठीनं मातीत आकार काढून दाखवला आणि मी त्याचा फोटो घेतला. माझी पद्धत कुठल्याही आकाराची पोकळी शोधत होती, म्हणून आकड्यांतल्या बारीकसारीक चुकाही तिला पोकळीच वाटत होत्या. मी आकार रांजणाचा धरला. अज्ञात ठेवलं ते एवढंच: जागा, खोली आणि पोटाचा घेर. साताऱ्याला परतून प्रोग्रॅम नव्यानं लिहिला, तेच आकडे घातले. पेव आलं पश्चिमेच्या कुंपणाजवळ. मुद्दाम आकड्यांत चुका मिसळून पुन्हा चालवलं. उत्तर हातभर सरकलं, पण पळालं नाही. मी उठून कॉलेजच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. एका जागी बसवेना.

रविवारी हरिपूरला येऊन खणलं. दुपारी फावडं पेवाच्या तोंडावरच्या फरशीवर आपटलं. फरशी सरकवली, पण मामांनी कुणाला वाकू दिलं नाही.

"आत वारं न्हाई. आज उगडं ऱ्हाऊ द्या. जीव गुदमारतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो जळत राहिला. मग आम्ही बॅटरीचा झोत टाकला. पेव रिकामं होतं, भिंती अजून पिवळट होत्या. वडील काठावर बसून वास घेत होते.

"अडीच फूट चुकलं माझं," मी टेप गुंडाळत म्हणाले.

"अडीच फूट?" मामा म्हणाले. "आमी समदं रान उकरलं असतं की! लय झालं."

परत आलेला तो पाचवा पेपर मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. आकाराचा अंदाज आधीच असेल तर उत्तर मोजमापाच्या चुकांनी किती ढळेल, याचं प्रमेय सिद्ध करायला दीड वर्ष गेलं. तो छापून आला. शेवटी आभारात मी 'पेवात उतरणारे एक अनुभवी कामगार' असं लिहिलं. भावानं शेड बांधली, कुंपणापासून लांब.

आता कुपवाडच्या एका फाउंड्रीतून विचारणा आली आहे. ओतलेल्या लोखंडात आत राहून गेलेली भोकं बाहेरून शोधता येतील का? मी कळवलंय, आधी ओतकाम करणाऱ्या माणसांशी बोलायचंय. बुधवारी जाते आहे.