सत्तावीस पावलं

धायरीजवळच्या लगडमळ्यात रंगरावांनी एकतीस वर्षं पाणी सोडलं. तेव्हा मळ्यात दोनशे बारा घरं होती, आणि कुणाकडे किती माणसं आहेत हे रंगराव टाकीवरून सांगत. टाकी वीस मिनिटं आधी रिकामी झाली की ते घरी येऊन वेणूबाईला, म्हणजे बायकोला, म्हणत, "कुणाकडं तरी लग्नाची बैठक हाय." आणि ती असायचीच.

रंगराव निवृत्त झाले आणि ज्वारीच्या रानात बारा बारा मजले उभे राहिले. सकाळी नुसत्या एका लिफ्टमधून जुन्या आळीपेक्षा जास्त माणसं उतरायची. रंगरावांनी माणसं मोजायचं सोडून दिलं.

अशात एका सोसायटीचं पाणी तीन दिवस बंद पडलं. पाण्याच्या कामावरचा सलिल नावाचा तरुण इंजिनियर टॅब्लेटवर नकाशा घेऊन हजर झाला. जमिनीखालचा जुना व्हॉल्व्ह गाळानं अडकलाय, इथपर्यंत त्याला कळलं. तो नेमका कुठे आहे, ते मात्र कुणी कधी कागदावर मांडलंच नव्हतं. शेवटी रंगरावांना बोलावलं. वेणूबाईही सोबत आल्या.

"मारुतीच्या उंबऱ्यापासनं गडाकडं तोंड करून सत्तावीस पावलं," रंगरावांनी सांगून टाकलं.

मारुतीचं देऊळ पार्किंगमध्ये गाड्यांच्या आड शाबूत होतं. पण सिंहगड कुठे दिसेना. चहूकडे इमारतीच.

"गड कुठं गेला?"

"आमच्या किचनमधून दिसतो," सोसायटीच्या अध्यक्षा मंदाकिनी काळे म्हणाल्या. त्या मूळच्या कोथरूडच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. "त्याच्यासाठीच तर तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला."

म्हणजे वाट त्यांच्या किचनमधूनच जात होती! रंगराव उंबऱ्यापासून मोजत निघाले, काळेबाईंच्या हॉलमध्ये शिरले, सोफ्यावरून पलीकडे गेले, ओट्याला वळसा घातला.

"अहो, चपला!" काळेबाई ओरडल्या.

"मोजनी चुकंल बाई, बोलू नका. एकोणीस... वीस..."

सत्ताविसावं पाऊल बाल्कनीच्या पायरीखालच्या हिरवळीत पडलं. तिथे पाटी होती: 'हिरवळीवर चालू नये. कळतं त्यांनी.' सलिलच्या माणसांनी दोन हात खोल खणलं. माती, एक चमचा आणि पुन्हा माती.

"आपण नक्की इथेच नोकरीला होतात ना?" काळेबाईंनी शांतपणे विचारलं.

रंगरावांचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

तोच वेणूबाई पुढे झाल्या. "आवो, तवा तुमची ढांग केवढी व्हती! आता गुडघं गेलं, तुमी हळदीकुंकवाला निघाल्यावानी चालताय. ह्या उंच पोराला चालवा."

रंगरावांनी सलिलला उंबऱ्यावर उभं केलं. पुन्हा हॉल, पुन्हा सोफा, पुन्हा ओटा. ह्या वेळी सत्तावीस पावलं भरली ती थेट ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्यात. खड्डा काळेबाईंचा लाडका होता, त्याला बक्षीस मिळालेलं होतं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या.

वरच्या गॅलरीतून कुणीतरी रिकामी बादली वाजवली. मग दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता बारा मजले खणखणू लागले. काळेबाईंनी पदर खोचला आणि पहिलं घमेलं स्वतः उचललं.

तीन हातांवर झाकण लागलं. सलिलनं चावी लावली, पण ती हलेना. "आदी उलटी, मग सुलटी," म्हणत रंगराव गुडघे टेकून बसले. चावी कुरकुरली, फिरली आणि पाइपात घरघर सुरू झाली. रंगराव कान लावून ऐकत राहिले.

"किती घरं पितात हितनं?"

"चारशे साठ," सलिल म्हणाला.

रंगरावांनी वर पाहिलं. गॅलऱ्यांतून माणसंच माणसं वाकलेली होती, आणि त्यांतलं एकही ओळखीचं नव्हतं.

"काका, असे अजून किती व्हॉल्व्ह आहेत?" सलिलनं टॅब्लेट उघडला.

"अकरा. धा सोपं हायेत. एक बँकेच्या तिजोरीखाली हाय."

काळेबाईंनी हात धुतले, नळाच्या पाण्यानं, आणि चौघांना चहा टाकला. वेणूबाईंनी मात्र आधी सोफा पुसून घेतला.