गोड्या पाण्याचं पाहुणघर

लोक म्हणतात, हिरकणीने डोक्यात राख घालून पाहुणघर बंद केलं. बोर्डीत अजून हेच सांगतात. बाई विक्षिप्त होती, चालता धंदा हाताने मोडला, पाहुण्यांना दारातून परतवून लावलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं ते नसतंच. खरं काय झालं ते मला माहीत आहे, कारण मी तिची धाकटी जाऊ. आणि हे सांगताना मला राग येणार आहे, ते आधीच सांगून ठेवते. ऐकवत नसेल त्याने उठून जावं.

मी मूळची वाणगावची. वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरला नळ होता, त्यामुळे विहीर म्हणजे काय असते हे मला बावन्न साली लग्न होऊन बोर्डीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. हिरकणीवहिनी तेव्हा तिशीची. माझे थोरले दीर हरिश्चंद्र त्याच्या आदल्याच वर्षी तापाने गेलेले. मूलबाळ नाही. सासऱ्यांनी शहाणपणाने आपल्या हयातीत वाटण्या केल्या. रस्त्याकडचं चार खोल्यांचं घर आणि वीस चिकू वहिनीला, मागचं घर आणि बाकीची वाडी आम्हाला. विहीर मधोमध, ती सामाईक. एक दिवस तिचा, एक दिवस आमचा.

पाहुणघर तिने ठरवून काढलं नाही. चोपन्नच्या पावसात गावच्या शाळेच्या वसतिगृहातल्या एका पोराला विषमज्वर झाला आणि त्याचे आईबाप सुरतेहून धावत आले. राहणार कुठे? शाळेचा शिपाई त्यांना वहिनीच्या ओटीवर घेऊन आला. नऊ दिवस राहिली ती माणसं. पोरगा उठून बसला तेव्हा त्या सुरतेच्या बाईने वहिनीच्या पाया पडून विचारलं, आमच्यासारखे आणखी येतील, त्यांना ठेवाल का? तिथून सुरू झालं. विधवेच्या घरी परके पुरुष झोपतात, म्हणून गावाने तोंडात शेण घातलं. वहिनीने दाराला पडदा लावला नाही की कुणाची पायरी चढली नाही. म्हणाली, ज्याला संशय असेल त्याने येऊन ओटीवर पहारा करावा, चहा मी देईन. कोणी आलं नाही.

तिची जीभ कात्रीसारखी चालायची. एका शेटजींना दुपारी दोन वाजता आंघोळ हवी होती. तिने त्यांच्या हातात शहाळं दिलं आणि सांगितलं, हे प्या, आणि अंग ओलंच करायचं असेल तर दर्या समोर आहे. ठाण्याहून आलेल्या एका साहेबाने कोंबडी मागितली, तीही फुकट, सरकारी माणूस म्हणून. त्याला तिने वालाचं बिरडं वाढलं आणि समोर बसून ते संपवायला लावलं. तो साहेब पुढच्या वर्षी बायकोला घेऊन आला. माणसं यायची ती तिच्या स्वभावासाठी नव्हे, हे मी लिहून देते. यायची ती पाण्यासाठी.

आमच्या विहिरीचं पाणी गोडं. दर्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी असं गोडं की डाळ दोन उकळ्यांत विरघळायची, गवती चहाचा नि पुदिन्याचा वास कपातून उठायचा, चादरी सोड्यात उकळल्या की कडक निघायच्या. मुंबईचे डॉक्टर पोटाच्या रोग्यांना सांगायचे, पंधरा दिवस बोर्डीच्या बाईकडे जा. वैशाखात तर खोली मिळायची नाही.

त्या पाण्याची एक रीत होती. विहिरीच्या आत, खालून पाचव्या थरात, एक काळा दगड पुढे आलेला होता. रहाट चालू असताना तो दगड उघडा पडला की बैल सोडायचा. मग कितीही काम अडो. सासरे सांगायचे, गोडं पाणी वर तरंगतं, खाली दर्याचं खारं असतं. वरचं ओरबाडलंत की खालचं वर येईल आणि मग ते परत जायचं नाही. म्हणून दुपारपर्यंतच उपसा, नंतर विहिरीला विसावा. वहिनी पाहुण्यांना सांगायची, दुपारी आमची विहीर निजते. पाहुणे हसायचे, पण ऐकायचे.

बासष्ट साली माझ्या नवऱ्याच्या डोक्यात इंजिन शिरलं. श्यामकांत नाव त्यांचं. आजूबाजूच्या वाड्यांत तेलावरची इंजिनं आली होती, धडधड धडधड दिवसभर. पण आमच्या विहिरीत इंजिन लावलं तर तासाभरात दगड उघडा पडणार. तेव्हा विहीर खोल करायची, तळाला सुरुंग लावायचा, असा यांचा बेत. वहिनीकडे गेले विचारायला. विचारायला कसले, सांगायला.

तिने ऐकून घेतलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हे आठ वर्षांचे होते, यांचं नाक तिने पुसलेलं. म्हणाली, "श्यामकांत, तुझ्या दिवसाचं पाणी तू हवं तर रस्त्यावर ओत. पण विहिरीचा तळ वाटणीत आलेला नाही. तो तुझा नाही नि माझा नाही."

हे चिडले. पंचांकडे गेले. पंचांनी सुपारी चघळत दोन्ही बाजूंना होय म्हटलं आणि घरी गेले. एकदा यांनी गुपचूप माणसं आणली, तर वहिनी विळी आणि टोपलीभर वांगी घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसली. तीन दिवस तिथेच चिरणं, तिथेच निवडणं. पाहुणे तिथेच चहा प्यायला येऊन बसले. माणसं कंटाळून परत गेली आणि यांची गावभर शोभा झाली.

आता माझं सांगते. मला इंजिन हवं होतं. खोटं कशाला बोलू? मला वाडीत वांगी-मिरची हवी होती, दारात नळ हवा होता. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की मला वहिनीचा हेवा वाटायचा. तिच्याकडे मुंबईची माणसं यायची, हिरकणीबाई हिरकणीबाई करायची, आणि मला कोणी विचारलंच तर 'त्या मागच्या घरातल्या' म्हणायची. आणि ती बाई मला मात्र लेकीसारखं वागवायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिने केली. मला मनू म्हणायची, मनू, मनू करत दिवसातून दहा वेळा कुंपणाशी यायची.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते, डहाणूच्या पुढे. हे मला म्हणाले, वहिनीला एक दिवस जत्रेला घेऊन जा. बाकी काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, मला कळलं. आणि मी गेले की तिला बोलवायला, तोंड वर करून. वहिनी, नवस फेडायचाय, एकटीने कसं जाऊ? तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि लुगडं बदलायला आत गेली.

एसटीने डहाणू, तिथून जत्रेची गाडी. दिवसभर तिने मला हौसेने फिरवलं. माझ्या पोरींसाठी बांगड्या घेतल्या, मला उसाचा रस पाजला. मी देवीपुढे हात जोडून उभी होते आणि मनात एकच हिशेब, आता सुरुंग उडाला असेल. असल्या बाईला देवीने तिथल्या तिथे का आडवी केली नाही?

संध्याकाळी परत आलो. फाट्यावर उतरताच सुरुंगाच्या दारूचा जळका वास. विहिरीभोवती दगडांचा ढीग, गढूळ पाणी, आणि आमचे हे हातपाय धूत उभे. वहिनी कठड्यावर वाकून बघत राहिली. काळा दगड फुटून खाली गेला होता. त्यानंतर महिनाभर तिने माझ्या नवऱ्याचा जो उद्धार केला तो अख्ख्या आळीने ऐकला. त्यांच्या सात पिढ्या धुऊन काढल्या. मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. सुटले म्हटलं.

आणि पाणी तर वाढलं. पुरुषभर वाढलं. गाव आमच्या ह्यांची तारीफ करू लागलं. आमच्या दिवशी आम्ही दोन दिवसांचं उपसायचो, इंजिन बंद म्हणून व्हायचं नाही. वहिनी आपल्या दिवशी पूर्वीसारखीच, दुपार झाली की बैल सोडायची. लोक हसायचे तिला. मीही हसले आहे.

चौसष्टचा वैशाख. दरवर्षी येणारे मुंबईचे एक निवृत्त मास्तर ओटीवर बसले होते. वहिनीने चहा टाकला, दूध घातलं आणि ते फाटलं. तिने गवळ्याला बोलावून फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटलं. गवळी बिचारा पोरांची शपथ घेऊन रडायला लागला. तेव्हा रहाट हाकणारा काकड्या, वारली, सासऱ्यांच्या वेळेपासून कामाला, पुढे झाला. त्याने पोहऱ्यातून ओंजळभर पाणी प्यायलं आणि थुंकलं. म्हणाला, "बाय, दर्या आला."

मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढत गेलं. डाळ शिजेना. साबणाला फेस येईना, चादरी चिकट निघू लागल्या. वहिनीने देवळाच्या विहिरीवरून बैलगाडीने पाणी आणून बघितलं एक पावसाळाभर. पण उसन्या पाण्यावर पाहुणा ठेवायचा म्हणजे त्याला रोज सांगावं लागतं, बेताने घ्या. ते तिच्याच्याने होईना. दुपारी विहीर निजते असं सांगणं वेगळं, आणि तुमच्या आंघोळीला पाणी नाही असं सांगणं वेगळं. पासष्टच्या उन्हाळ्यात पोरांचे आईबाप पेट्या घेऊन दारात यायचे आणि ती स्वतः पायरीवर येऊन हात जोडून सांगायची, माझं पाणी बिघडलं, तुम्हाला ठेवू शकत नाही. ज्या बाईने साहेबाला बिरडं खायला लावलं, ती हात जोडायची. ती सुरतेची बाईसुद्धा आली होती, नातवाला घेऊन. वहिनीचा हात धरून रडली. वहिनी रडली नाही. मी कुंपणामागून बघत होते आणि माझा मला संताप येत होता, पण पाऊल उचललं का पुढे? नाही.

आणि आमचं काय बिघडलं म्हणता? वांगी-मिरची करपली, प्यायचे दोन हंडे देवळाच्या विहिरीवरून आणावे लागले, तेवढंच. चिकूला थोडं खारं पाणी चालतं. चिकू उलट लगडले. करंड्या भरून घोलवडच्या स्टेशनात जाऊ लागल्या. देव बघतो म्हणतात. काय डोंबल बघतो. पाहुण्याला खारं पाणी चालत नाही आणि चिकूला चालतं, एवढ्यावर आमचं साजरं झालं आणि तिचं घर बसलं. हे अजून सांगतात की इंजिन आणलं म्हणून वाडी तरली. मी जेवताना ताट सरकवून उठून जाते तेव्हा यांना कळत नाही का ते.

गणपती झाल्यावर वहिनीने गाद्या-उशा बाहेर काढल्या. कापूस सोडवून गावात वाटून टाकणार होती. मी मदतीला म्हणून गेले. ती खाली बसून उशीचे टाके उसवत होती. माझ्याने राहवलं नाही. तीन वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडलं. म्हटलं, वहिनी, तुम्हाला मी मुद्दाम जत्रेला नेलं. मला सगळं माहीत होतं.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "सुरुंगवाला आदल्या संध्याकाळी माझ्याकडेच उतरला होता, मनू."

मला कळेना काय बोलते. मग ती सांगत गेली, टाके उसवत. तो परगावचा माणूस, गाडीने आला, आपल्या यजमानाचं नाव विसरला. स्टेशनात विचारलं, रात्री कुठे राहायचं? लोकांनी नेहमीप्रमाणे बाईकडे पाठवला. तिने त्याला भाकरी वाढली. जेवताना तो म्हणाला, उद्या एका विहिरीचा तळ फोडायचाय. त्याहून जास्त त्याला सांगता येईना. माझ्या अडाणी नवऱ्याला इतकंही सुचलं नव्हतं की या गावात उतरायला दुसरी जागाच नाही.

"मग आलात कशाला माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"मनात पाल चुकचुकली होती," ती म्हणाली. "घरीच बसणार होते. तेवढ्यात तू बोलवायला आलीस. म्हटलं, मग आपली विहीर नसणार. आपली असती तर मनूने मला सांगितलं असतं."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तरी मी ते गोड मानून घेतलं असतं. तिने फक्त दुसरी उशी पुढे ओढली.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. बोलणं टाकलं नाही तिने. सणावाराला वाटी यायची, पोरींच्या वेण्या घालायची, माझ्या दुखण्यात रात्र-रात्र उशाशी बसली. पण मनू म्हणून हाक परत मारली नाही. काही हवं असलं की कुंपणाशी यायची आणि विचारायची, श्यामकांतची बायको घरात आहे का? आणि मी तिच्या समोरच उभी असायचे.