डाव्या हाताचं वाढप

त्या आजोबांनी ताट मागं ओढलं आन माझ्या पळीतलं वरण सतरंजीवर पडलं.

"बाई, डाव्या हातानं कोण वाढतं?"

मी उजवा हात दाखवला. अंबडला कंपनीत प्रेसवर होते मी. प्रेस म्हंजी पत्रा दाबायचं मशीन. त्यात चार बोटं गेली, अंगठा राहिला. म्हणून बादली उजव्या मनगटाला अडकवायची आन पळी डाव्या हातात. कधी सांडत नाय. त्या दिवशीच सांडलं.

आजोबांनी हात बघितला. पण ताट काय पुढं केलं नाय.

इगतपुरीकडं एका शाळेच्या स्काऊटचा कॅम्प होता. मी ज्यांच्याकडं वाढायला जायची, ते आचारी भाऊ मला लग्नात न्यायचे नाय. म्हणायचे, "मावशी, लग्नात लोक हात बघतात. कॅम्पात पोरांना भूक असती, ती ताट बघतात." म्हणून कॅम्प तेवढाच माझा.

त्याच दिवशी सकाळी मी कोबी चिरत होते. सर पोरांना गोष्ट सांगत होते. ज्या इंग्रज साहेबानं हे स्काऊट काढलं, तो आफ्रिकेत एका राजाला भेटला. साहेबानं उजवा हात पुढं केला, राजानं डावा. म्हणला, डाव्या हातात आमची ढाल असती. ती खाली ठेवून हात देतो, म्हंजी तुझ्यावर भरवसा टाकला. तवापासून स्काऊट डावा हात मिळवतात.

गोष्ट संपली तशी पोरं माझ्याकडं पळत आली. "मावशी, डावा! डावा!" समद्यांनी हात मिळवला. त्यांच्या हाताला कोबीचा वास लागला. मला वाटलं, इथं तरी आता कुणी काय म्हणणार नाय.

दुपारी पालक जेवायला आले, आन एका पोराच्या आजोबांचं ते ताट मागं गेलं. सरांनी मला बाजूला बोलावलं.

"मावशी, तुम्ही जरा भांड्यांकडे बघा."

"पोरं तीन दिस जेवली की, सर."

"पोरांचं नाही हो. पालक बोलतात."

"सकाळी तुम्हीच सांगितलं ना, डाव्या हाताचं."

सर हसले. माणूस वाईट नाय. "अहो मावशी, ते हात मिळवायचं. हे जेवणाचं."

भांड्यांकडं गेले. मोठं पातेलं एका हातानं फिरत नाय. पायात धरून घासलं. दिवस मावळेस्तोवर तीनच झाली. भाऊंनी बघितलं. पुढच्या कॅम्पाला त्यांचा फोन आला नाय. मीच केला.

"बघू, मावशी."

त्याला दोन पावसाळे झाले.

वाढप्याला दोन गोष्टी लागतात, पळी आन उजवा हात. पळी कुठंबी मिळती.