मे महिन्यात गळणारी चाळ

आमगावला स्टेशनच्या मागे सहा खोल्यांची जुनी चाळ विकाऊ होती. वर कवेलूंचं छप्पर, मागे दोन सामाईक संडास, भिंतींचा चुना निघालेला. दर महिन्याला किराया येईल, म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही, असा माझा हिशेब. बायको म्हणाली, "आपल्याजवळ जमा आहे ते एवढंच. घर पडकं निघालं तर म्हातारपण कुठे काढायचं?"

म्हणून आधी तपासणी करायचं ठरलं. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही टेप आणि टॉर्च घेऊन पोचलो. घरमालक गोंदियाचे कापड व्यापारी, आधीच हजर. "पुरानी चीज है भाऊसाहेब, लेकिन मजबूत है," असं म्हणत त्यांनी भिंतीवर थाप मारली. मोठा पोपडा पडला. तो त्यांनी पायानेच बाजूला सारला.

पहिल्या खोलीत भाजी विकणाऱ्या आजी राहत. आम्ही आत शिरताच त्या म्हणाल्या, "कायले घेता जी हे घर? छत्री उघडून झोपावं लागते."

बायकोने कोपऱ्यातल्या भिंतीला हात लावला. भिंत खरंच ओली होती, पाणी अजून ओघळत होतं.

"आजी, होळीपासून पाऊस नाही. मग ही ओली कशी?"

"तेच तं सांगून राहिली न बाई! बिनापावसाचं गळते, मग पावसाळ्यात का होत असंन?"

दाराआड एक बादली होती. नुकतीच रिकामी केलेली.

शेजारच्या खोलीतला ऑटोवाला दारातच उभा होता. "काकाजी, इथं साप निघतेत."

"किती?" मला आकडा लागतोच.

तो गडबडला. "तीन."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "पाच सांगायचे ठरले होते ना!"

मी शिडी लावून वर चढलो. छपराचे लाकडी फाटे ठोकून पाहिले, एकालाही वाळवी नव्हती. भिंती सरळ होत्या. फुटके कवेलू बदलायचे, वायरिंग आणि संडास नवे करायचे, एवढंच खरं काम. खाली उतरलो तर बायको हळूच म्हणाली, "अहो, नवा मालक काढून टाकेल म्हणून घाबरलेत हे भाडेकरू."

मला ते पटलं. मी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगून टाकलं, "घर घेतलं तरी कोणाला काढणार नाही. एकेक खोली दुरुस्त करू. वर्षभर किरायाही वाढवणार नाही."

मग आजी म्हणाल्या, "मंग गळत नाही जी."

"साप पण नाही," ऑटोवाला म्हणाला. "भिंत तं पहा काकाजी, कशी टणक आहे!"

मालक खुर्चीतून उठले. "सुन लिया ना? अब भाव कम करने की बात मत करना."

दोष दाखवून पन्नास हजार तरी कमी करून घ्यायचे, असं मी घरून ठरवून आलो होतो. वायरिंगचा विषय काढून पाहिला. सहाही खोल्यांनी एका सुरात मालकांची बाजू घेतली.

बायको मला बाजूला घेऊन गेली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बसलीही. "सौदा होईपर्यंत तोंड बंद ठेवता आलं नसतं?" मग म्हणाली, "पण द्या इसार. राहायला मिळावं म्हणून उन्हाळ्याच्या टंचाईत भरलेलं पाणी भिंतीवर ओततात. हे लोक आपली खोली रिकामी पडू देणार नाहीत."

मी पूर्ण भावाने इसार दिला. आजींनी सगळ्यांसाठी चहा मांडला. दूध आणि साखरेचे पैसे मात्र नव्या मालकाकडून घेतले.