बाबांचं डॅमेज

मी आर्वी सोडली तेव्हा एसटीच्या टपावर माझी ट्रंक चढत होती आणि बाबा खालून हमालाला सांगत होते, "हळू रे भाऊ, डॅमेज होईन." ट्रंकेत लुगडी होती आणि चार पितळी भांडी. डॅमेज होण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला हसू आलं, बडोद्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता तो. मलाही आलं. आई पदराचं टोक तोंडाशी धरून एवढंच म्हणाली, "सांभाळून राह्यजो, बाई."

तुमच्यापैकी जे आर्वीतच राहिले त्यांना बाजारातलं आमचं बांगड्यांचं दुकान आठवत असेल. आणि जे माझ्यासारखे ट्रंक घेऊन बडोदा, सुरत, भिलाईला पांगले, त्यांच्याही कानात वडिलांचा असा एखादा शब्द अडकून असेलच. आमच्या बाबांची शाळा चौथीपर्यंत, आणि इंग्रजी एका शब्दापुरती.

तो शब्द त्यांनी पुलगावच्या पार्सल ऑफिसातून उचलला होता. फिरोजाबादहून पेंढ्यात बांधलेल्या पेट्या पुलगावला उतरायच्या आणि तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आर्वीला यायच्या. एखाद्या पेटीतून भलताच आवाज आला की तिथला बाबू खडूने तिच्यावर तो शब्द लिहायचा. बाबांना तो फार सोयीचा वाटला. कारण बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ज्याचं पोटच काचेवर, त्याच्या घरात तर 'फुटली' हा शब्द उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. मी एकदा विचारलं, "मंग डॅमेज काऊन चालते, बाबा?" तर म्हणाले, "थो विंग्रजी शब्द हाये. त्याले आपल्या घराचा पत्ता मालूम नाई."

परक्या शब्दाला अपशकुन चिकटत नाही, असा साधा हिशेब. मग काय, सगळं आयुष्य त्यांनी त्या एका शब्दात बसवलं. आईचा गुडघा डॅमेज. अवकाळी पावसात भिजलेला लोकांचा कापूस डॅमेज. वाटणीवरून काकांशी बोलणं बंद झालं, तेही डॅमेज. आई चिडवायची, "तुमची विंग्रजी एका शब्दाची, अन् थोही नुसकानीचा."

पण खरी गंमत पुढे होती. डॅमेज पेटी बाबांनी कधी परत पाठवली नाही. ती चटईवर उपडी करायची, आम्ही भावंडांनी भोवती बसून निवडायचं, काचा डब्यात टाकायच्या. आणि बाबा गल्ल्यावरून एकच विचारायचे, "शाबूत किती?" किती गेल्या हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

बडोद्यात हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. कपाचा कान, स्कूटरचा दिवा, नळाची तोटी, सगळं डॅमेज. मी 'केम छो' शिकले, 'चालशे' म्हणायला लागले, वरणात साखर घालायला लागले. सणाला माहेरी गेले की मैत्रिणी माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. मला राग यायचा नाही. कुणी 'मले' म्हणालं की इतकं बरं वाटायचं की तेवढ्यासाठी मी नक्कल ऐकून घ्यायचे.

हळूहळू माझ्या हातातल्या बांगड्या टिकेनाशा झाल्या. नवऱ्याचा हात उठायला लागला होता. शेजारीण मोकळ्या मनगटाकडे बघायची आणि मी सांगायचे, वाढल्या. आमच्या घरची रीतच होती, त्यामुळे ते बोलताना जीभ अडखळली नाही. पण माझी लेक सोनी तीन वर्षांची झाली, तिने एकदा स्वतःच वाकून पलंगाखालच्या काचा गोळा केल्या, आणि मला तिथे राहवेना.

तरी माहेरी जायचं कसं? धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं. नांदती लेक परत आली तर गाव काय म्हणेल, हे आर्वीच्या माणसाला समजावून सांगायला नको. दोन दिवस विचार केला आणि पोस्टातून ट्रंककॉल लावला. दुकानाशेजारच्या किराणावाल्याने बाबांना हाक मारून आणलं. वाटेत कितीतरी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "बाबा, डॅमेज हाये."

लाइनीत नुसती खरखर. मग बाबांचा आवाज आला, पेटी उपडी करताना असायचा तसाच.

"शाबूत काय हाये, बाई?"

"मी. अन् सोनी."

"मंग घिऊन ये तिले. मी स्टँडवर राह्यतो."

आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात दोन-तीन बाया बसल्या होत्या, त्यांच्या देखत बाबांनी मला चटईवर बसवलं आणि माझा हात हातात घेतला. बोटाच्या सांध्यावर सूज होती, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. हिरव्या बांगड्या भरायला लागले. तिसरी बांगडी सुजेवर अडली आणि तुटली. मागे उभ्या असलेल्या आईचा हात तोंडाशी गेला. मी सवयीने 'वाढली' म्हणणार होते.

"फुटली," बाबा म्हणाले. "फुटू दे."

जन्मभर जो शब्द त्यांनी दाराबाहेर ठेवला, तो त्यांनी चारचौघींत, आपल्याच बोलीत उच्चारला. मग काचा डब्यात टाकल्या आणि म्हणाले, "या हाताले आता मोठं माप लागते." मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. सासरी जाताना रडले नव्हते तेवढी रडले.

धाकटीचं लग्न थोडं लांबलं, पण झालं. मी पुढे बडोद्याला परतले, पण नवऱ्याकडे नाही, माझ्या स्वतःच्या खोलीत, एका क्रॉकरीच्या गोदामातल्या नोकरीवर. अजूनही तिथेच आहे. आईबाबा नाहीत, दुकानाला भावाने नवं शटर लावलंय, आर्वीला जाणं वर्षा-दोन वर्षांनी होतं. आपलं घर कुठलं असं कुणी विचारलं की मला गावाआधी ती चटई आठवते.

सोनीही आता परगावी असते. फोनवर तिचा आवाज वेगळा लागला की मी काय झालं म्हणून विचारत नाही. शाबूत काय हाये, बाई, एवढंच विचारते आणि तिचं बोलणं सुरू होईपर्यंत थांबते.