दोन छोटे हॉर्न

पहिली पिशवी माझ्याच जीपच्या ड्रायव्हर सीटखाली सापडली, तेव्हा माझा पहिला संशय स्टँडवरच्या दुसऱ्या जीपवाल्यावर गेला. शहापूर ते मुरबाड अशी माझी काळी-पिवळी पंधरा वर्षं चालते. त्या जीपवाल्याशी माझं गाडी भरायच्या नंबरावरून सारखं वाजायचं. दोन वर्षांपूर्वी एकाच्या गाडीत प्रवाशाचा मोबाइल हरवला, तर लोकांनी त्याच्या गाडीत बसणंच सोडलं. शेवटी त्याला गाडी विकावी लागली. माझ्यावरही कुणीतरी तोच डाव टाकतंय, असं मला वाटलं.

पिशवीत स्टीलचा डबा आणि चष्म्याचं घर होतं. दोन्ही आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंचं. बाई मुरबाडला राहायच्या. आदल्या संध्याकाळी त्या माझ्याच गाडीने घरी गेल्या होत्या आणि निघताना गावच्या नाक्यावरून पिशवी गेली म्हणून कुरकुरत होत्या. नेऊन द्यावी एवढं साधं काम. पण मी देणार, तर लोक विचारणार, तुझ्या सीटखाली आली कशी? मी पिशवी ताडपत्रीत गुंडाळून परत सीटखालीच ठेवली. दोन दिवसांनी दुसरी सापडली. त्यात भाजी होती, वास यायला लागला होता. भाजी फेकून पिशवी मी पहिलीजवळच कोंबली.

त्या दिवसांत मी सगळ्यांकडे संशयाने बघायचो. कोण गाडीजवळ रेंगाळतंय, कोण उगाच हसतंय. बायको म्हणाली, "अवो, तुमाला झालंय काय? माझ्यावं पण असंच डोळं लावून बसता."

खरं कारण मला तिसऱ्या वेळी आरशात दिसलं. ते कळायला थोडं मागचं सांगायला हवं.

गणपतीनंतर आमच्या गावाजवळ, शेणव्याच्या अलीकडे, एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. तीन चोरांची विनोदी गोष्ट, आणि खरा हिरो कुत्रा. चोर नुसते बावळट, चोरी सगळी कुत्रा करतो. लोक गाडीची वाट बघत पिशव्या खाली ठेवून गप्पा मारत असतात, कुत्रा त्यातली एक उचलतो, पळत येतो, काळ्या-पिवळ्या जीपच्या उघड्या दारातून शिरतो आणि ड्रायव्हरच्या सीटखाली ती कोंबतो. ती जीप माझी. पडद्यावर एकच दिसणारा कुत्रा म्हणजे प्रत्यक्षात तीन कुत्रे होते. एक जवळून चेहरा दाखवायचा, एक पळायचा, एक पिशवी उचलायचा. तिसऱ्याच्या पायात दुसऱ्याच दिवशी काटा मोडला आणि तो लंगडायला लागला.

मग कुत्र्यांना शिकवणाऱ्याच्या नजरेत वाडीवरचा कुत्रा भरला. वाडी म्हणजे आमच्या गावाच्या कडेला कातकऱ्यांची दहा-बारा घरं. कुत्रा तिथल्या एका माणसाचा, तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. बांधावरचे उंदीर बिळातून काढण्यात पटाईत. शिकवणाऱ्याने उकडलेल्या काळजाचे तुकडे चारून पाच दिवसांत त्याला सगळं शिकवलं. इशारा होता जीपचे दोन छोटे हॉर्न. हॉर्न वाजला की पिशवी, पिशवी सीटखाली गेली की तुकडा.

शूटिंग संपल्यावर तो शिकवणारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, आमच्या कुत्र्यांचं मी बघतो. हा इथेच राहणार. दोन-तीन महिने असा हॉर्न मारू नका, म्हणजे विसरेल. नाहीतर तुम्हीच त्याला चोर कराल."

मी बरं म्हणालो. पण आमच्या धंद्यात दोन छोटे हॉर्न म्हणजे गाडी आली, चला. पंधरा वर्षं नाक्यावर मी तेच वाजवत आलो. बोट आपोआप जायचं. चार दिवस मी आठवण ठेवली, पाचव्या दिवशी विसरलो.

त्या सकाळी हॉर्न मारून मी नेहमीसारखा टपावर तांदळाची पोती बांधायला चढणार होतो, पण दोरी आत राहिली म्हणून परत सीटवर बसलो. आरशात बघतो तर लोक दाराशी जागेसाठी ढकलाढकली करतायत आणि मागे बाकड्यावरून तो तांबूस कुत्रा एक काळी बॅग ओढतोय. माझ्या बाजूचं दार उघडंच होतं. तो आला, बॅग माझ्या पायांमधून सीटखाली ढकलली आणि तोंड वर करून बघत बसला. तुकडा मागत होता.

तेव्हाच ओरडलो असतो तर सगळे हसले असते आणि तिथेच संपलं असतं. मी कुत्र्याला पायाने बाहेर लोटलं आणि गाडी सुरू केली. सीटखाली आधीच्या दोन पिशव्या होत्या, आणि त्या मी दडवल्या होत्या.

काळी बॅग गावातल्या एका तरुण पोराची होती. त्यात त्याचे सगळे दाखले, गुणपत्रिका. त्या दिवशी त्याची एका गोदामात मुलाखत होती. ती हुकली. संध्याकाळी नाक्यावर तो रडायच्या बेतात होता आणि त्याचा काका ओरडत होता, "चोर गावातलाच हाय! भायेरचा माणूस कागुद कशाला नेल?"

एक म्हातारी म्हणाली, "मी बघितला ना. वाडीवरचा कुत्रा. तोंडात काळं कायतरी घेऊन पळत व्हता."

"शूटिंगला शिकवलाय त्याला," कुणीतरी म्हणालं. "मालकानं आता धंदा लावला."

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून रिकामी गाडी घेऊन येताना मी वाडीच्या पायवाटेवर थांबलो आणि तिन्ही पिशव्या करवंदीच्या जाळीत टाकल्या. मनाला समजावलं की लोकांना वस्तू मिळतील. पण मी गावाच्या बाजूची जाळी निवडली नाही, वाडीच्या बाजूची निवडली. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुपारपर्यंत त्या सापडल्या. संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. कुत्र्याचा मालक उभा होता, त्याची बायको मागे. त्यांचं काय पणाला लागलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी दिवाळीनंतर ते भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि त्यांच्या पोरीची शाळा तुटायची. यंदा सापगावच्या बाजूला एका फार्महाऊसवर राखणदाराचं काम ठरलं होतं, राहायला खोलीसकट. पोरगी चौथीत होती. ती पहिल्यांदाच वर्षभर शाळेत बसणार होती.

तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी सांगा ना. हॉर्न वाजला का तो जातो. तुमाला म्हाइत हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी गाडी चालवत व्हतो. कुत्र्याचं मला काय म्हाइत नाय."

"भाऊ?"

"हॉर्न तं मी पंधरा वर्षं वाजवतोय. तवा नाय गेल्या पिशव्या?"

कुणीतरी हसलं. राखणदाराचं काम आठवड्यात दुसऱ्याला मिळालं, कारण चोराला राखण कोण देईल? भात कापायचं होतं तरी ते कुणाच्या शेतावर न थांबता भट्टीवर गेले. कुत्राही नेला. पिशव्या जायच्या थांबल्या आणि लोक म्हणाले, बघा.

तीन महिने मी गप्प होतो. मग शाळेच्या बाई एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि सहज म्हणाल्या, "चष्म्याच्या घराला तुमच्या गाडीतल्या ऑइलचा वास येतो हो अजून." त्यांना काही सुचवायचं होतं का, मला कळलं नाही. त्या बाहेर बघत होत्या. त्या रविवारी मी भट्टीवर गेलो.

तो विटांची थप्पी लावत होता. मी सगळं सांगितलं. त्याने काम थांबवलं नाही. "मला म्हाइत व्हतं," तो म्हणाला. "मी कुत्र्याच्या मागं गेलतो एकदा. तुमच्या गाडीत शिरला. मला वाटलं, तुमीच चोरी करवता त्याच्याकडनं."

"मग कुत्रा माझ्या गाडीत शिरतो, हे देवळापुढं का नाही सांगितलंस?"

"तुमचं नाव घेऊन? मी?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गावात सांगा पयले. मंग बोला मला."

मी नाक्यावर सांगितलं. सगळे प्रवासी असताना, सकाळी. पोराचा काका म्हणाला, "पाप धुतोस का रं? का निवडणुकीला उभा ऱ्हातोस?" दुसरा म्हणाला, "वाडीवाल्यानं दम दिला असंल त्याला." माझं बोलणं कुणाला खरं वाटलं नाही. उलट पिशव्या माझ्या सीटखाली होत्या एवढंच त्यांनी धरलं, आणि त्या दिवसापासून लोक माझ्या गाडीत पिशव्या मांडीवर घेऊन बसायला लागले. ज्याच्या भीतीपायी मी हे केलं, ते शेवटी झालंच.

मी परत भट्टीवर निरोप धाडला की सांगितलं, पण कुणी मानत नाही.

पुढच्या आठवड्यात तो एसटीने उतरला, बायको, पोरगी आणि कुत्रा घेऊन. मी नाक्यावर उभा होतो. त्याने खांद्यावरची कपड्यांची पिशवी बाकड्यावर ठेवली आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, हॉर्न वाजवा."

"अरे, कशाला..."

"तुमच्या तोंडाचा भरवसा नाय. हॉर्न वाजवा."

मी दार उघडं ठेवलं आणि आत हात घालून दोनदा दाबला. इतक्या महिन्यांनीही कुत्रा विसरला नव्हता. त्याने कान टवकारले, बाकड्यावरून पिशवी ओढली, लोकांच्या पायांमधून धावत आला, सीटखाली ती कोंबली आणि माझ्याकडे बघत बसला. पोराचा काका आधी हसला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणीच हसत नव्हतं, म्हणून तोही थांबला.

त्या माणसाने येऊन पिशवी काढून घेतली. शाळेच्या बाई एसटीतून उतरून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मुलीला उद्या पाठव."

"पाठवतो बाई. पण भट्टीची उचल फेडायची हाय, मला जावं लागल. ह्या दोघी ऱ्हातील."

तो दुपारच्याच एसटीने परत गेला. मी सोडतो म्हणालो, तर नको म्हणाला. अजूनही तो माझ्या गाडीत बसत नाही. मी आता नाक्यावर हॉर्न वाजवत नाही, खाली उतरून हाका मारतो. पोरगी शाळेला जाते. कुत्रा तिच्याबरोबर नाक्यापर्यंत येतो आणि माझ्या जीपच्या दारासमोर थोडा वेळ थांबतो.